काच-अलंकार, मराठवाड्यातील : ओळख व कालनिर्णय

काच-अलंकार : काचेचे मणी, बांगड्या, कर्णभूषणे, लोलक व तत्सम अंगावर वापरावयाच्या वस्तू. मराठवाड्यातील प्राचीन वसाहतींच्या उत्खननांत मृत्पात्रांच्या खापरांखालोखाल जे अवशेष विपुल सापडतात, त्यांत काचमणी व काचबांगड्यांचे तुकडे यांचा समावेश होतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण, जालना जिल्ह्यातील भोकरदन, धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि गोदावरीच्या खोऱ्यातच मोडणारे अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे ही या दृष्टीने महत्त्वाची स्थळे होत. या वस्तूंवर लेख नसतो, कर्त्याचे नाव नसते आणि क्वचितच एखादी वस्तू अखंड मिळते. त्यामुळे त्यांची ओळख व कालनिर्णय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय बनला आहे. त्याचे महत्त्व केवळ हौशी संग्राहकापुरते नाही. एखादा मणी पैठणचा की भूमध्य समुद्राकाठचा, आणि तो सातवाहनकालीन की अठराव्या शतकातील, या प्रश्नांच्या उत्तरावर दख्खनच्या व्यापाराचा व कारागिरीचा इतिहास काही अंशी अवलंबून असतो.

पार्श्वभूमी : काच हा वालुका (सिलिका), अल्क (सोडा वा पोटॅश) व चुना यांचे मिश्रण तीव्र उष्णतेने वितळवून बनविलेला पदार्थ होय. सिंधू संस्कृतीच्या लोकांना काचेसारखी झिलई असलेल्या फेयन्सच्या वस्तू करता येत होत्या; तथापि फेयन्स व काच हे भिन्न पदार्थ आहेत. फेयन्सचा गाभा दाणेदार असतो व तो संपूर्ण वितळलेला नसतो. काचेचे तुकडे भारतात नंतरच्या काळात मिळू लागतात. हस्तिनापूर येथील १९५०–५२ मधील उत्खननात चित्रित करड्या मृत्पात्रांच्या स्तरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. शतपथ ब्राह्मणात ‘काच’ हा शब्द येतो आणि कौटिलीय अर्थशास्त्रातही काचमण्यांचा उल्लेख आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने भारतात स्फटिकाच्या चुऱ्यापासून केलेली काच सर्वोत्कृष्ट असते, असे नमूद केले आहे. याउलट पेरिप्लस या त्याच शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भडोच (बारिगाझा) बंदरात कच्ची काच आयात होत असल्याचे सांगितले आहे. म्हणजे भारत काच बनवीतही होता आणि परदेशातून आणवीतही होता. ही दुहेरी परिस्थिती ध्यानात न घेतल्यास सर्व काच आयात किंवा सर्व काच देशी, असे एकांगी निष्कर्ष निघतात.

याच पेरिप्लसमध्ये भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर ही मोठी व्यापारी नगरे असल्याचे म्हटले आहे. पैठणहून गोमेदादी मौल्यवान दगड, तर तगरहून कापड भडोचला जात असे. तगर म्हणजे तेर, हे जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये निश्चित केले. दगडी मण्यांना भोके पाडणे, त्यांना झळाळी देणे ही कौशल्ये ज्या नगरांत होती, तेथे काचमण्यांच्या धंद्यालाही तयार गिऱ्हाईक व तयार व्यापारी मिळाले असावेत.

प्रमुख स्थळे व संशोधन : पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) ही सातवाहनांची राजधानी. गोदावरीच्या डाव्या तीरावरील तिच्या टेकाडांचे उत्खनन प्रथम हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने हाती घेतले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पुन्हा पद्धतशीर उत्खनन झाले व त्याचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेर येथे बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये उत्खनन केले. त्याच गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून पुढे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९७३ मध्ये उत्खनन केले. त्या वेळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर ते त्या जिल्ह्यात गेले. नेवासे येथील १९५४–५६ चे उत्खनन ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यात पाषाणयुगापासून मुस्लिम-मराठा कालखंडापर्यंतचा क्रम मिळाल्यामुळे दख्खनमधील काच-अलंकारांची तुलना करण्यास एक पक्का आधार लाभला. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५–४६ मध्ये केलेले उत्खननही या विषयात मोलाचे ठरले. दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ (१९६९) हा या शाखेचा पाया मानला जातो.

घडणीवरून ओळख : काचवस्तू कशी घडविली, हे तिच्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून व रेषांवरून कळते. त्यासाठी दहापट वर्धनाचे भिंग व पाठीमागून येणारा उजेड एवढी साधने बहुधा पुरतात.

ओढीव मणी : तापलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करून त्याची लांब नळी ओढतात आणि थंड झाल्यावर तिचे बारीक तुकडे पाडून ते पुन्हा उष्णतेने गुळगुळीत करतात. अशा मण्यांत बुडबुडे व रंगाच्या रेषा भोकाला समांतर, लांबट झालेल्या असतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत पुदुच्चेरीजवळ असलेले अरिकमेडू हे या तंत्राचे प्रसिद्ध प्राचीन केंद्र. तेथील व तत्सम मणी श्रीलंका व आग्नेय आशियातही मोठ्या प्रमाणावर मिळत असल्याने त्यांस ‘इंडो-पॅसिफिक मणी’ असे नाव पडले. आंध्र प्रदेशातील पापनायडुपेट येथे हे तंत्र अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून राहिले. त्यामुळेच केवळ घडणीवरून ओढीव मणी प्राचीन ठरविता येत नाही.

गुंडाळीव मणी : लोखंडी सळईभोवती मऊ काचेचा धागा गुंडाळून हे करतात. यांत बुडबुडे व रेषा भोकाभोवती वळसे घेतात. भोकाच्या आतील बाजूस सळईवरील मातीच्या लेपाचा पांढुरका अंश पुष्कळदा दिसतो.

साचातील मणी : यांच्या बाजूंवर साच्याच्या दोन भागांची शिवण असते. यंत्राने दाबून केलेल्या युरोपीय मण्यांत ही शिवण बारीक व नियमित असते आणि एका घाटाचे अनेक मणी तंतोतंत सारखे निघतात. हाताने घडविलेल्या मण्यांत इतके साम्य आढळत नाही.

सुवर्णपत्री मणी : पारदर्शक काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवून केलेले हे मणी आद्य ऐतिहासिक काळात भूमध्य प्रदेशात व भारतातही प्रचारात होते. वरचा थर उडाल्यास वर्ख निघून जातो व उरलेला मणी सामान्य पिवळसर काचेचा भासतो. म्हणून मोडीच्या ठिकाणी थरांची पाहणी करणे अगत्याचे असते.

बांगड्या : जुनी देशी बांगडी लोखंडी सळईवर वा मातीच्या शंकूवर काचेचे लहान कडे फिरवीत मोठे करून घडवीत. तिला सांधा नसतो. तिच्या आतल्या पृष्ठावर समांतर ओरखडे व कधी लोखंडाचे काळपट कण दिसतात. याउलट उत्तर प्रदेशातील फिरोजाबादच्या आधुनिक बांगडीत काचेचा सलग वेटोळा ओढून तो कापतात व प्रत्येक कड्याची टोके ज्योतीवर जोडतात. हा सांधा भिंगाखाली ओळखता येतो. तुकडा लहान असला तरी त्याच्या कमानीवरून मूळ व्यास काढता येतो. लहान व्यासाच्या बांगड्या मुलींच्या असाव्यात, असे अनुमान केले जाते. तुकड्याचा छेद गोल, अर्धगोल, त्रिकोणी वा चपटा असतो व तो नोंदविणे आवश्यक असते. उत्खननात अखंड बांगडी विरळा मिळते आणि तुकडे मात्र शेकड्यांनी मिळतात, हे तिच्या नित्य वापराला धरूनच आहे. बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणण्याची रीत मराठी घरांत आजही आढळते.

रंग व घटकद्रव्ये : काळी दिसणारी प्राचीन काच उजेडासमोर धरल्यास बहुधा गडद हिरवी, जांभळी किंवा तपकिरी असल्याचे दिसते. अपारदर्शक तांबडा रंग तांब्यापासून मिळतो. त्यासाठी भट्टीत प्राणवायू कमी ठेवावा लागतो व त्यात थोडी चूक झाल्यास हिरवट वा काळपट रेषा येतात. निळा रंग तांब्याने किंवा कोबाल्टने, तर अपारदर्शक पिवळा शिसे व कथील यांच्या संयुगाने येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात रंगासाठी युरेनियमयुक्त काच निघू लागली. ती अतिनील प्रकाशात हिरवी चमकते, म्हणून अशा चकाकणाऱ्या पिवळट-हिरव्या मण्याचा काळ त्या शतकामागे नेता येत नाही.

रंगाहून अधिक खात्रीचा पुरावा रासायनिक पृथक्करणाने मिळतो. भूमध्य प्रदेशातील रोमनकालीन काच नेट्रॉन या खनिज सोड्यापासून केलेली असून तीत मॅग्नेशियम व पोटॅशियम कमी असते. भारतातील बऱ्याच प्राचीन काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळते. जमिनीवर फुटून येणारा खार व खडकांच्या झिजेतून बनलेली रेती यांचा वापर हे त्याचे कारण मानले जाते. पोटॅशप्रधान काचही दक्षिण भारतात इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत प्रचारात होती. वनस्पतींच्या राखेतील सोड्यापासून केलेल्या काचेत मॅग्नेशियम अधिक असते आणि सु. नवव्या शतकानंतर पश्चिम आशियात अशा काचेचेच प्राबल्य दिसते. या भेदांमुळे जो मणी पूर्वी केवळ देखणेपणावरून ‘रोमन’ ठरविला जाई, त्याचे मूळ आता तपासून पाहता येते. मात्र काच वितळवून पुन्हा वापरण्याची पद्धत सर्वत्र असल्याने मिश्र घटकांचे नमुनेही आढळतात. तसेच काच कोठे बनली आणि मणी कोठे घडला, हे दोन वेगळे प्रश्न होत. भडोचला उतरलेल्या कच्च्या काचेचा मणी पैठणमध्येही घडविलेला असू शकतो.

कालनिर्णयाच्या पद्धती : काचेत सेंद्रिय कार्बन नसल्यामुळे कार्बन-१४ पद्धती तिला थेट लावता येत नाही. तिचा काळ मुख्यत्वे ती ज्या स्तरात सापडली त्यावरून ठरतो आणि स्तराचा काळ सोबतची नाणी, खापरे व कोळसा यांवरून. सातवाहनांची पोटीन नाणी, चक्रांकित मृत्पात्रे व भूमध्य प्रदेशातील मद्यकुंभांची खापरे यांच्या सान्निध्यात मिळालेला मणी आद्य ऐतिहासिक काळात घालण्यास आधार असतो. बहमनी ताम्रनाणी किंवा चिनी मातीची खापरे असलेला स्तर मध्ययुगीन ठरतो. तंबाखूची चिलीम ज्या स्तरात आहे, तो सोळाव्या शतकाच्या अखेरीमागे नेता येत नाही; कारण तंबाखू भारतात पोर्तुगीजांमार्फत आली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मणी फार लहान असतो. उंदरांच्या बिळांतून, झाडांच्या मुळांबरोबर व भेगाळलेल्या काळ्या मातीतून तो खालच्या स्तरात उतरतो. नंतरच्या लोकांनी खणलेल्या खड्ड्यांतून जुने मणी वर येतात. म्हणून एकट्या मण्यावरून स्तराचा काळ ठरवू नये. एकाच स्तरातील समूहाचा एकत्र विचार करावा. शिवाय मणी हा पिढ्यान्‌पिढ्या जपला जाणारा जिन्नस असल्याने तो घडला केव्हा आणि मातीत गेला केव्हा, यांत मोठे अंतर असू शकते. बांगडी लवकर फुटत असल्यामुळे या बाबतीत ती मण्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

काचेवर येणारा इंद्रधनुषी पापुद्रा हा प्राचीनतेचा पुरावा समजण्याची चूक वारंवार होते. ओल, मातीतील क्षार व काचेची घटना यांवर तो अवलंबून असतो. ओलसर उकिरड्यात पडलेल्या शंभर वर्षांच्या काचेवरही तो येतो आणि कोरड्या जागेतील सातवाहनकालीन मणी नव्यासारखा राहतो. शिल्प व चित्र यांचा पुरावाही मर्यादित आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील व्यक्तींच्या अंगावर मण्यांच्या माळा व कंकणे विपुल आहेत. परंतु चित्रातील हिरवा मणी पाचूचा की काचेचा, हे सांगता येत नाही.

मध्ययुगीन बांगड्या : आद्य ऐतिहासिक काळात दख्खनमध्ये शंखाच्या बांगड्यांचा प्रचार मोठा होता. मध्ययुगात काचबांगडीने त्यांची जागा घेतली. ब्रह्मपुरी व नेवासे येथील बहमनी व त्यानंतरच्या स्तरांत बहुरंगी बांगड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने मिळाले. त्यांचा गाभा गडद, बहुधा काळपट काचेचा असून त्यावर पिवळ्या, तांबड्या, हिरव्या व पांढऱ्या काचेच्या पट्ट्या, ठिपके वा पीळ बसविलेले असतात. पैठण व दौलताबादच्या परिसरात पृष्ठभागावर असा तुकडा दिसल्यास तो सातवाहनांच्या नव्हे, तर सुलतानी वा मराठा काळातील मानणे युक्त ठरते. लाखेच्या बांगड्यांशी मात्र त्यांची गल्लत होऊ देऊ नये. लाख हलकी असते, तिला उष्णतेने मऊपणा येतो व तिच्यावरील काचेचे तुकडे केवळ चिकटविलेले असतात.

आधुनिक काळ व आयात : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील बोहीमियाची काच भारतीय बाजारात उतरली. गाब्लोंझ (सध्याचे चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स) या परिसरात खास भारतासाठी बांगड्या बनत. याच परिसरात फुंकून केलेल्या पोकळ मण्यांपासून नाताळच्या झाडावरील अलंकारही बनत. जर्मनीच्या थुरिंजिया प्रदेशातील लाउशा येथे १५९७ मध्ये काचभट्टी सुरू झाली होती. तेथील कारागीर प्रथम आतून चंदेरी मुलामा दिलेले पोकळ मणी करीत व एकोणिसाव्या शतकात ते त्याच कौशल्याने नाताळचे गोळे फुंकू लागले. १८६७ मध्ये तेथे वायूचा पुरवठा सुरू झाल्यावर ज्योत हवी तशी राखता येऊन अधिक पातळ गोळे होऊ लागले. त्यामुळे जाड, जड गोळा जुना व पातळ गोळा नंतरचा, असा एक स्थूल नियम सांगता येतो. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१ पासून देशाचे नाव घालणे आवश्यक झाले, म्हणून त्या गोळ्यांच्या धातूच्या टोपणावरील अक्षरेही कालनिर्णयास साहाय्यक होतात. भारतीय बांगडीवर असे कोणतेच चिन्ह नसते. तिच्या बाबतीत घडण व सापडण्याचे ठिकाण हेच तिचे लेख होत.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा माल थांबला. जपानी माल पुढे आला व देशी धंद्यालाही वाव मिळाला. महाराष्ट्रात तत्पूर्वीच, १९०८ मध्ये, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला होता. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता आणि जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काचविद्येचे शिक्षण दिले. बांगड्यांचा धंदा मात्र पुढे फिरोजाबादेत केंद्रित झाला. कासारांच्या पेटाऱ्यातून मराठवाड्याच्या गावोगावी पोहोचलेला हा विदेशी व उत्तरेकडील माल जुन्या टेकाडांवरील उकिरड्यांत पडला आणि तेथे सातवाहनकालीन तुकड्यांत मिसळला. पृष्ठभागावरील संग्रहात दोन हजार वर्षांचे अंतर असलेल्या वस्तू शेजारी शेजारी दिसतात, त्या यामुळेच.

स्थानभ्रष्ट वस्तूंचा प्रश्न : मराठवाड्यातील जुन्या वसाहतींची टेकाडे ‘पांढरी’ म्हणून ओळखली जातात. धाब्याच्या घरांच्या छतासाठी व शेतात खत म्हणून तेथील माती पिढ्यान्‌पिढ्या उकरून नेली गेली. पावसाळ्यानंतर उघडे पडणारे मणी मुले व गुराखी गोळा करीत आणि त्यांतील काही विक्रीस जात. अशा रीतीने स्थानभ्रष्ट झालेला मणी संग्रहात सुरक्षित राहतो. परंतु तो कोणत्या स्तरातील, कोणत्या खापरांसोबतचा, हे कायमचे नष्ट होते. अनेक मणी एका दोऱ्यात ओवून आकर्षक माळ करण्याची पद्धत याहून घातक होय, कारण तीमुळे निरनिराळ्या काळांतील व गावांतील मणी एकाच ‘प्राचीन हारा’चे घटक भासू लागतात. अशा माळेवरून व्यापारमार्ग वा फॅशन यांविषयी काढलेले निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीनेही कालनिर्णयास महत्त्व आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते व तिच्या खाजगी निर्यातीस मनाई आहे. या व्याख्येप्रमाणे पैठणचा सातवाहनकालीन मणीच नव्हे, तर पहिल्या महायुद्धापूर्वी आलेली बोहीमियाची बांगडीही आज पुरावस्तू आहे.

जतन : सापडलेली काच आम्लाने वा खरखरीत ब्रशाने धुऊ नये. पापुद्रा हा काचेचाच झिजलेला थर असतो. तो काढल्यास मूळ पृष्ठ व त्यावरील घडणीच्या खुणा जातात. ओली काच एकदम उन्हात न वाळविता सावलीत हळूहळू वाळवावी. प्रत्येक तुकडा स्वतंत्र पुडीत ठेवून त्यावर स्थळ, खड्डा, खोली, स्तर व दिनांक यांची नोंद करावी. पृष्ठभागावर मिळालेल्या वस्तूबाबत निदान गाव, टेकाडाची बाजू व सोबतची खापरे नोंदवावीत. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या तुकड्याला ऐतिहासिक साधनाचे मोल येते, ते या नोंदीमुळेच.